घरगुती ध्वनिमुद्रणासाठीं संगणक कसा निवडावा ?

ज्या घरांत एखादें मूल गातें किंवा वाजवितें, त्या घरांत केव्हां ना केव्हां असा प्रसंग येतोच कीं, तें मूल आईवडिलांजवळ हट्ट धरतें : "बाबा, मला माझें गाणें घरींच मुद्रित करावयाचें आहे; त्यासाठीं एक चांगला संगणक घ्या ना." हा हट्ट वाईट नव्हे. स्वतःचें गाणें त्रयस्थाच्या कानानें ऐकावें, त्यांतील दोष शोधावे, तें पुन्हां गावें आणि पुन्हां ऐकावें, यासारखा दुसरा शिक्षक नाहीं. परंतु आईवडिलांची येथें मोठी पंचाईत होते. दुकानदार सर्वांत महाग यंत्र पुढें करितो. शेजारचा मुलगा दुसरेंच नांव सांगतो. आणि आपलें चिरंजीव खरोखर संगीतासाठीं संगणक मागत आहेत कीं खेळांसाठीं, याविषयींही मनांत शंका असतेच. शेवटीं अनेक महिन्यांची शिल्लक खर्चून यंत्र घरीं येतें, आणि पहिल्याच दिवशीं मुद्रणांत गाण्यापेक्षां पंख्याची घरघर व मधूनमधून होणारी करकर अधिक ऐकूं येते. पैसा जातो तो जातोच. पण त्याबरोबर मुलाचा उत्साहही जातो, आणि तो कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं. हें टळावें, एवढ्याच हेतूनें या विषयाचा थोडा उलगडा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहूं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें तबकडीसाठीं मुद्रित झालें, तेव्हां मुद्रणांत माईक वापरीत नसत. गाणाराला एका मोठ्या कर्ण्यासमोर उभें राहून खड्या आवाजांत गावें लागे, आणि सुमारें तीन मिनिटांत राग आटोपावा लागे. विजेच्या माईकनें मुद्रण करण्याची पद्धति १९२५ च्या सुमारास रूढ होऊं लागली. पुढें १९५७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज यांच्या कार्यक्रमानें आयबीएम ७०४ या अजस्र संगणकाकडून १७ सेकंदांची एक रचना निर्माण करविली. १९८३ सालीं निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांस एकमेकांशीं व संगणकाशीं संबंध ठेवतां यावा म्हणून 'मिडी' नांवाचा संकेत ठरला. आणि १९८५ सालीं निघालेल्या अटारी एसटी या घरगुती संगणकास तर मिडीची जोडणी कारखान्यांतूनच केलेली होती. तेथून घरांतील मुद्रणाचा मार्ग खुला झाला. बिली आयलिश व तिचा भाऊ फिनियस यांनीं लॉस एंजल्स येथें आईवडिलांच्या घरांतील निजण्याच्या खोलींत बहुतांशीं तयार केलेला गीतसंग्रह २०१९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि २०२० च्या जानेवारींत त्यास वर्षांतील उत्कृष्ट संग्रहाचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. सारांश, खोली लहान आहे म्हणून कोणाचें अडत नाहीं. मात्र यंत्र आणलें म्हणजे संगीत आपोआप निर्माण होतें, असाही अर्थ यांतून कोणीं काढूं नये.

आतां संगणक या कामीं नेमकें काय करितो, तें समजून घेऊं. कारण तें समजलें म्हणजे कोणत्या गुणासाठीं पैसे द्यावे व कोणत्यासाठीं देऊं नयेत हें आपोआप कळतें. आवाज म्हणजे हवेंतील कंप. माईक त्या कंपांचें विजेच्या चढउतारांत रूपांतर करितो. पुढें 'ऑडिओ इंटरफेस' नांवाचें एक लहानसें उपकरण त्या चढउतारांचें दर सेकंदास हजारों वेळां मोजमाप घेतें आणि ते आंकडे संगणकाकडे पाठवितें. सीडीच्या तबकडीसाठीं सेकंदास ४४,१०० वेळां मोजमाप घेण्याचा नियम ठरला, व प्रत्येक मोजमापास १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांची मोजपट्टी ठरली. घरगुती मुद्रणांत हल्लीं ४८,००० वेळां व २४ बिटांचें मोजमाप घेण्याचा प्रघात आहे. आपल्या विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. २४ बिट म्हणजे ३ बाइट. ४८,००० ला ३ नें गुणिलें असतां सेकंदास १,४४,००० बाइट होतात. मिनिटास ८६,४०,००० म्हणजे सुमारें साडेआठ मेगाबाइट. पांच मिनिटांच्या गाण्यांत गळा, पेटी, तबला, टाळ असे दहा निरनिराळे पट्टे ठेविले, तरी सर्व मिळून सुमारें ४३२ मेगाबाइट होतात, म्हणजे अर्ध्या गीगाबाइटापेक्षांही कमी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते ती ही कीं, नुसतें मुद्रण करणें हें काम आजच्या साध्यासुध्या संगणकासही मुळींच जड नाहीं. लंडनच्या ॲबी रोडवरील मुद्रणगृहांत बीटल्स या मंडळींनीं १९६७ सालीं 'सार्जंट पेपर्स' हा आपला प्रख्यात संग्रह केवळ चार पट्ट्यांच्या फीतयंत्रांवर तयार केला. चार पट्टे भरले म्हणजे ते एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवावयाचे व मोकळ्या झालेल्या जागेंत पुढचें वाद्य घालावयाचें, अशी त्यांची रीत होती. आज अगदीं सामान्य लॅपटॉपही याच्या कित्येक पट पट्टे एका वेळीं चालवितो. तेव्हां 'संगणक जुना आहे म्हणून माझें गाणें होत नाहीं' असें म्हणणाऱ्या मुलास आम्ही 'नाचतां येईना अंगण वांकडें' या म्हणीची आठवण करून देऊं इच्छितों.

मग महाग संगणक कोणाला लागतो ? याचें उत्तर कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. घरगुती मुद्रणाचें काम साधारणतः तीन प्रकारचें असतें. पहिला प्रकार म्हणजे स्वतःचा गळा व खरीं वाद्यें मुद्रित करणें. यांत संगणक हा वहीसारखा असतो. तो लिहून ठेवितो, एवढेंच. दुसरा प्रकार म्हणजे कीबोर्डाच्या पट्ट्या दाबून संगणकांत साठविलेलीं वाद्यें वाजविणें. येथें कीबोर्डाकडून आवाज येतच नाहीं. मिडीच्या संकेतानें 'अमुक पट्टी, अमुक जोरानें, अमुक क्षणीं दाबली' एवढाच निरोप येतो, आणि त्याबरहुकूम पियानोचा किंवा सारंगीचा साठविलेला सूर संगणकास स्वतः काढून द्यावा लागतो. म्हणजे या प्रकारांत संगणक वही न राहतां स्वतःच वाद्य होतो. तिसरा प्रकार म्हणजे हीं दोन्हीं कामें एकत्र करून त्यांवर घुमारा, प्रतिध्वनि इत्यादि अनेक संस्कार करणें, व पन्नास-साठ पट्ट्यांचा मेळ घालणें. पहिल्या प्रकारास जो संगणक पुरून उरतो, तोच तिसऱ्या प्रकारास अपुरा पडतो. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं घरींच बसून आपलें काम कोणत्या प्रकारचें आहे, हें कागदावर लिहून काढावें. निवडीचा सगळा पाया हाच होय. आधीं यंत्र घेऊन मागाहून त्याचें काम शोधणें म्हणजे आधीं कळस मग पाया अशांतली गत होय.

या कामांत एक अडचण मात्र अशी आहे कीं, तिचें नांवही दुकानाच्या पाटीवर लिहिलेलें नसतें. ती म्हणजे विलंब. आपण सूर लावतों किंवा पट्टी दाबतों तो क्षण, आणि तो आवाज संगणकांतून फिरून आपल्या कानीं येतो तो क्षण, या दोहोंत कांहीं अंतर पडतें. संगणक आवाजाचे आंकडे एकेक करून हाताळीत नाहीं. त्यांचा कांहीं सांठा झाला म्हणजे तो एकदम हाताळतो. या सांठ्यास 'बफर' म्हणतात. नळाचें पाणी थांबून थांबून येतें म्हणून आपण घरांत पिंप भरून ठेवितों. पिंप मोठें असलें तर पाणी खंडत नाहीं, पण तें भरेपर्यंत वाट पाहावी लागते. लहान असलें तर लवकर भरतें, पण मध्येंच कोरडें पडण्याची भीति असते. बफराचें तसेंच आहे. तो मोठा ठेविला तर विलंब वाढतो, लहान ठेविला आणि संगणक मंद असला तर आवाज तुटून करकर होते.

याचेंही गणित सोपें आहे. बफर २५६ मोजमापांचा असला, तर ४८,००० च्या गतीनें त्यास सुमारें ५.३ सहस्रांश सेकंद लागतात. १०२४ चा असला तर सुमारें २१.३. आंत येतांना एकदां व बाहेर जातांना एकदां असा हा काळ दोनदां मोजावा लागतो, म्हणजे दुसऱ्या बाबतींत सुमारें ४३ सहस्रांश सेकंद झाले. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. त्या हिशेबानें आपला साथीदार जणूं काय चौदा-पंधरा मीटर लांब अंगणाच्या टोकास जाऊन बसला! अशा साथीवर लय सांभाळणें कसलेल्या गवयासही कठीण; मग मुलांची काय कथा ? पहिल्या बाबतींत मात्र तो चार मीटरांच्या आंत बसतो, आणि बहुतेकांचें काम त्यावर निभतें.

येथें पुन्हां कामाच्या प्रकाराचा प्रश्न येतो. जो केवळ गळा किंवा खरें वाद्य मुद्रित करितो, त्यास या विलंबाची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. कारण बहुतेक इंटरफेसांना अशी एक कळ असते कीं, ती दाबली असतां गाणाराचा आवाज संगणकाची वाट न पाहतां परस्पर हेडफोनांत येतो. जो मुलगा कीबोर्डावरून संगणकांतील वाद्य वाजवितो, त्याला मात्र लहान बफरावर न अडखळणारा चपळ संगणकच पाहिजे. विंडोज या प्रणालीवर चालणारा संगणक असल्यास इंटरफेसाबरोबर 'एएसआयओ' पद्धतीचा चालक मिळतो कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. स्टाइनबर्ग या कंपनीनें ही पद्धति १९९७ सालीं काढली, आणि तिच्यामुळें विलंब पुष्कळच कमी होतो. ॲपलच्या मॅक संगणकांत याच कामासाठीं 'कोअर ऑडिओ' नांवाची व्यवस्था मुळांतच असते.

आतां संगणकाच्या एकेका अंगाचा विचार करूं. त्याचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याच्या आंत अनेक कोअर, म्हणजे जणूं अनेक कामकरी असतात. निरनिराळे पट्टे निरनिराळ्या कामकऱ्यांस वाटून देतां येतात. पण एकाच पट्ट्यावर जे संस्कार एकामागून एक करावयाचे असतात, ते सामान्यतः एकाच कामकऱ्यास उरकावे लागतात. म्हणून कोअरांच्या नुसत्या संख्येवर भुलूं नये. एकेक कोअर किती चपळ आहे हेंही पाहावें.

दुसरें अंग म्हणजे रॅम. ही कामाच्या वेळची स्मृति होय. हिला बैठकीच्या चौरंगाची उपमा देतां येईल. चौरंग जितका मोठा, तितकें साहित्य हाताशीं मांडून ठेवितां येतें. केवळ गळा व वाद्यें मुद्रित करणारास ८ गीगाबाइट रॅम पुरते. संगणकांतील वाद्यें वापरणारानें १६ गीगाबाइट घ्यावी. कारण एकेका वाद्याचे हजारों सुटे सूर त्या स्मृतींत भरावे लागतात. पाश्चात्य पद्धतीचा संपूर्ण वाद्यवृंद संगणकांत उभा करणारासच ३२ किंवा त्याहून अधिक लागते. येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. पुष्कळशा नव्या लॅपटॉपांत, आणि ॲपलच्या २०२० नंतरच्या एम मालिकेच्या लॅपटॉपांत तर सर्वस्वीं, रॅम मागाहून वाढवितां येत नाहीं. तेव्हां 'आज कमी घेऊं, पुढें वाढवूं' हा बेत करण्यापूर्वीं ती वाढते कीं नाहीं, हें दुकानदाराकडून स्पष्ट वदवून घ्यावें.

तिसरें अंग म्हणजे सांठवणीची डिस्क. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्यें तबकडी फिरते. ती मंद असते, आणि तिचा किंचित् आवाजही होतो. नव्या एसएसडींत फिरणारा भागच नसतो. म्हणून मुख्य डिस्क एसएसडीच असावी. ५१२ गीगाबाइटांची असल्यास घरगुती कामास ती कित्येक वर्षें पुरेल. जुनी फिरती डिस्क टाकून देऊं नये. केलेल्या कामाची दुसरी प्रत ठेवावयास ती उत्तम. एकच प्रत असलेलें मुद्रण असून नसल्यासारखें आहे, हें विद्यार्थ्यांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

चौथें अंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. आणि आईवडिलांच्या मनांतील शंकेचें उत्तर येथेंच मिळतें. चित्रें वेगानें रंगविण्याचें हें वेगळें यंत्र खेळांस व चलच्चित्रांच्या संस्कारांस लागतें. घरगुती ध्वनिमुद्रणास त्याचा जवळजवळ कांहींच उपयोग होत नाहीं. उलट तें तापतें, आणि त्याला थंड ठेवण्यासाठीं बसविलेले पंखे मुद्रणाचा विचका करितात. तेव्हां चिरंजीवांनीं संगीताच्या नांवाखालीं महागडें ग्राफिक्स कार्ड असलेलेंच यंत्र पाहिजे असा आग्रह धरला, तर वडिलांनीं स्मित करून त्याचें कारण खुशाल विचारावें ! त्या कार्डाचे वाचलेले पैसे चांगल्या माईकसाठीं उपयोगी पडतील.

पांचवी गोष्ट शांततेची. आम्ही हिला रॅमइतकेंच महत्त्व देतों. संगणकाचा पंखा जितका कमी वाजेल तितका चांगला. ॲपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेच्या मॅकबुक एअरमध्यें पंखाच नाहीं, हा त्यांचा या कामांतील मोठा गुण होय. पण किंमत सर्वांस परवडेल असें नाहीं. डेस्कटॉप असल्यास त्याचा डबा मेजाखालीं, माईकपासून शक्य तितका दूर ठेवावा. लॅपटॉप असल्यास लांब तार घेऊन तो माईकच्या पाठीमागच्या बाजूस ठेवावा. छताचा पंखा तर मुद्रणापुरता बंदच केला पाहिजे. सहावी गोष्ट जोडणीच्या छिद्रांची. इंटरफेसास एक, कीबोर्डास एक व बाहेरच्या डिस्कला एक, अशीं निदान तीन यूएसबी छिद्रें लागतात. हल्लीं कांहीं पातळ लॅपटॉपांस दोनच असतात, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें.

लॅपटॉप घ्यावा कीं डेस्कटॉप, हा प्रश्न नेहमीं विचारला जातो. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप अधिक समर्थ मिळतो आणि त्याचे भाग पुढें बदलतां येतात. परंतु लॅपटॉपास बॅटरी असते, आणि आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यामुळें हा गुण लहान नव्हे; डेस्कटॉप घेतल्यास त्याबरोबर यूपीएसचा खर्चही धरावा. आपल्या घरांतील विजेचीं सेकंदास ५० आवर्तनें होतात, म्हणून जमिनीशीं जोडणी, म्हणजे अर्थिंग, नीट नसल्यास मुद्रणांत त्याच मानाची हलकी गुणगुण ऐकूं येते. लॅपटॉपाचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावें. गुणगुण थांबली, तर दोष बहुधा यंत्राचा नसून विजेच्या जोडणीचा आहे असें समजावें व वायरमनला बोलवावें.

विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर उत्तम मुद्रण होतें. प्रणालीची निवड मुख्यतः आपणांस कोणता मुद्रणाचा कार्यक्रम वापरावयाचा आहे त्यावर करावी. गराजबँड व लॉजिक हे कार्यक्रम ॲपलच्याच यंत्रांवर चालतात; पैकीं गराजबँड फुकट मिळतो. ऑडॅसिटी हा कार्यक्रम तिन्ही प्रणालींवर फुकट मिळतो, व नवशिक्यास आवाज कांपणें, जोडणें व शुद्ध करणें शिकावयास तो फार सोयीचा आहे. रीपर हा कार्यक्रम साठ दिवस विनामूल्य वापरून पाहतां येतो, आणि त्यानंतरची त्याची किंमतही इतर कार्यक्रमांच्या मानानें माफक आहे. तो अंगानेंही हलका असल्यामुळें जुन्या संगणकावर सहज चालतो.

इतके सचोटीचे मार्ग उपलब्ध असतांना चोरून फोडलेला कार्यक्रम वापरण्याचा मोह विद्यार्थ्यांनीं कटाक्षानें टाळावा. एक तर ती चोरी आहे. आणि जो मुलगा आपलें गाणें दुसऱ्यानें आपल्या नांवावर खपवूं नये असें इच्छितो, त्यानें दुसऱ्याची मेहनत फुकट लुबाडावी हें शोभत नाहीं. दुसरें असें कीं, अशा कार्यक्रमांबरोबर पुष्कळदां घातक विषाणु येतात. आणि ज्या संगणकावर वडिलांचे बँकेचे व्यवहार चालतात त्याच संगणकांत ते शिरले, तर कसा अनर्थ होईल हें सांगावयास नको.

जुना संगणक घ्यावा काय ? अवश्य घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. विंडोज १० या प्रणालीची कंपनीकडून होणारी सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. आणि विंडोज ११ ही पुढची प्रणाली ठराविक नव्या प्रोसेसरांवर व टीपीएम २.० हें सुरक्षेचें साधन असलेल्या यंत्रांवरच रीतसर चालते. त्यामुळें पुष्कळ धडधाकट संगणक सध्यां स्वस्तांत विकावयास निघतात. असा संगणक विंडोज ११ साठीं पात्र आहे कीं नाहीं, हें प्रथम तपासावें. नसल्यास त्यावर लिनक्स घालून मुद्रण करितां येतें. उबुंटू स्टुडिओ नांवाची प्रणाली याच कामासाठीं तयार केलेली असून ती फुकट आहे. मात्र लिनक्स घ्यावयाचा असेल तर आपला इंटरफेस त्यावर चालतो कीं नाहीं, याची खातरी आधीं करून घ्यावी. जुन्या लॅपटॉपांत हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, तर त्याला जणूं नवा जन्म मिळतो.

यंत्र नवें असो वा जुनें, तें घेण्यापूर्वीं शक्य असल्यास त्यावर दहा मिनिटें परीक्षा करावी. रीपरची चांचणीप्रत घालून त्यांत वीस पट्टे एकदम वाजवावे, बफर २५६ वर ठेवावा, आणि आवाज तुटतो काय व पंखा किती वेळानें घरघरूं लागतो, तें लक्षपूर्वक ऐकावें. लेटन्सीमॉन नांवाचा एक फुकट कार्यक्रम विंडोजच्या संगणकांत आवाज तुटण्याचा धोका आहे कीं नाहीं हें दाखवितो; तोही वापरावा. जो दुकानदार एवढी परीक्षा आनंदानें करूं देतो, तो विकल्यानंतरही मदत करील असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पैशाच्या वांटणीचा. बहुतेक ठिकाणीं सगळा पैसा संगणकावर खर्च होतो, आणि माईक व हेडफोन यांसाठीं उरतात ते चार आणे. आमचें मत असें आहे कीं, ठरविलेल्या रकमेपैकीं संगणकावर अर्ध्याहून फार अधिक खर्च होऊं देऊं नये. उरलेल्यांत एक चांगला माईक, दोन तोंडांचा इंटरफेस, कान झांकणारा हेडफोन व माईकची घोडी एवढें अवश्य यावें. माईक कंडेन्सर जातीचा असल्यास त्याला ४८ व्होल्टांचा पुरवठा लागतो. तो देण्याची सोय इंटरफेसांत आहे कीं नाहीं हें पाहावें. गळा, पेटी व तबला एकाच वेळीं मुद्रित करावयाचे असतील, तर गळ्यास एक, पेटीस एक व डग्गा-दायां यांस दोन असे चार माईक लागतात व इंटरफेसही चार तोंडांचा लागतो. पण एकामागून एक मुद्रित केलें तर दोन तोंडांत सर्व काम होतें. तंबोरा हेडफोनांतून ऐकावा म्हणजे गळ्याचा पट्टा निर्मळ राहतो. आणि खोलीचा घुमारा कमी करावयास परदेशी सामान आणण्याची गरज नाहीं; भिंतीवर दोन गोधड्या टांगाव्या, खालीं सतरंजी घालावी, कपड्यांचें कपाट उघडें ठेवावें. या घरच्या उपायांनीं आवाजांत जो फरक पडतो, तो दुप्पट किंमतीचा संगणक घेऊनही पडणार नाहीं.

ज्या घरांत आज हा खर्च झेपणार नाहीं, तेथील मुलांनीं खिन्न होऊं नये. घरांतील साध्या फोनवरही आवाज मुद्रित होतो, आणि दोष ऐकूं येण्यास तेवढें पुरेसें असतें. किंबहुना आमची सर्वच आईवडिलांस अशी सूचना आहे कीं, नवें यंत्र घेण्यापूर्वीं मुलास सहा आठवडे, घरांत जें साधन असेल त्यावर, दर आठवड्यास एक गाणें मुद्रित करावयास सांगावें. सहा गाणीं तयार झालीं, तर मुलाची निष्ठा सिद्ध झाली, आणि त्याला नेमकें काय कमी पडतें हें त्याचें त्यालाच उमगेल. मग त्या उणिवेपुरताच खर्च करावा. दोन गाण्यांतच उत्साह मावळला, तर शिल्लक वांचली असें समजून कोणीं कोणावर रागावूं नये; मूल पुन्हां केव्हां तरी त्या वाटेस वळेल.

विद्यार्थिमित्रहो, अंथरूण पाहून पाय पसरावे हें वडील माणसांचें सांगणें संगीतालाही लागू आहे. संगणक तुमचा सूर लिहून ठेवील, हवा तितक्यांदा ऐकवील, चुकला तर पुन्हां गाण्याची संधि देईल. पण तो सूर लावावयाचा तुम्हांलाच आहे. त्यासाठीं पहांटेचा रियाज हवा, गुरुजनांचा उपदेश हवा, आणि स्वतःचे दोष निमूटपणें ऐकून घेण्याचें धैर्य हवें. एवढें ज्याच्याजवळ आहे, त्याला साधा संगणकही पुष्कळ झाला.